एका सेंटाने कमी

हे मी लिहिणार नव्हतो, हे आधीच कबूल करतो. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. कंपनीतल्या तुंगने मला सगळं सांगितलं तेव्हा तोही म्हणाला होता, लिहून काय होणारे. पण मी त्याच मजल्यावर कामाला होतो. त्या डुकराचं मांस मीही खाल्लं होतं. गप्प बसलं की घशाशी येतं ते. म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेणार नाही, समोरच्या कंपनीचंही नाही.

१

हाँगकाँगमध्ये बिटकॉइनचे फंड शेअरसारखे बाजारात विकायला पहिल्यांदा परवानगी मिळाली, त्या एप्रिलातली गोष्ट. शेऊंग वानमधल्या त्या इमारतीत चोविसाव्या मजल्यावर सकाळी आठ वाजता अख्खं भाजलेलं डुक्कर आलं. डोळ्यांच्या जागी लाल दिवे, गळ्यात लाल फीत. नऊला बाजारात जाऊन घंटा वाजवायची होती. त्याआधी पूजा, उदबत्त्या, आणि सगळ्यांनी मिळून सुरीवर हात ठेवून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच काप. अडखळला तर धंदा अडखळतो.

सगळे होते. फक्त सेतो चिंग-लाम नव्हता. ज्याने दोन वर्षं रक्त आटवून हा फंड उभा केला, तोच गायब.

"फोन उचलत नाहीये," विक्रीवाला बॉस्को म्हणाला. "येणार कुठल्या तोंडाने? काल सहा वाजता आपली अब्रू गेली त्याच्यामुळे."

"बॉस्को, उदबत्ती हातात आहे तुझ्या," मोक मॅडम म्हणाल्या. त्या कंपनीच्या प्रमुख. आवाज कधी चढत नाही, पण ऐकणाऱ्याच्या पाठीला घाम येतो.

आदल्या दिवशी सहा वाजता सगळ्या कंपन्यांच्या फी एकदम जाहीर झाल्या होत्या. फी म्हणजे फंड सांभाळायचे पैसे, गुंतवलेल्या शंभर डॉलरमागे वर्षाला किती सेंट ते. बिटकॉइन सगळीकडे तेच. मग गिऱ्हाईक बघणार काय? फी. एक सेंट इकडे तिकडे झाला तर पैसा लोंढ्याने दुसरीकडे वाहतो. आमची निघाली एकोणचाळीस सेंट. समोरच्या कंपनीची, छत्तीस. दुपारपर्यंत त्यांचा आकडा बराच वर होता म्हणे. शेवटच्या घटकेला खाली आणला. म्हणजे कुणीतरी आमचा आकडा फोडला होता.

नियम पाळले जातात की नाही हे बघणारा यिम तुंग-हेइ सुरीला हात लावून उभा होता. वय अठ्ठावीस. कॉलेज अर्धवट, बाकी सगळं स्वतः शिकलेला. शेजारी त्याचा शाळेपासूनचा दोस्त लुइ चुन-कित, बिटकॉइनच्या किल्ल्या, म्हणजे पैसे हलवायची यंत्रं, सांभाळणारा.

"आ-कित, हात ठेव की," तुंग म्हणाला.

"तुम्ही कापा, मी फोटो काढतो." कित दोन पावलं मागे सरला.

"फोटोला पन्नास माणसं आहेत रे!"

"पोट बिघडलंय. वासानेच कसंतरी होतंय."

काप सरळ गेला. टाळ्या झाल्या. घंटा वाजली. अकरा वाजता सगळे परत आले तेव्हा सफाईवाल्या फुंगताई मागच्या जिन्याच्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बादली आडवी, पाणी लिफ्टपर्यंत आलेलं.

"खाली," एवढंच त्यांना बोलता आलं. "बाविसाव्याच्या वळणावर. आपला लाम."

२

पोलीस आले, गेले. लामचा जीव आदल्या संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान गेला असं डॉक्टरांचं म्हणणं. कठड्यावरून दोन मजले खाली. जिन्यात कॅमेरा नाही. घसरला असेल किंवा उडी मारली असेल.

मजल्यावर मात्र दुपारपर्यंत निकाल लागला होता. आकडा फुटला, लाम मेला, म्हणजे आकडा लामने फोडला आणि शरमेने उडी मारली. मेलेला माणूस वाद घालत नाही, त्यामुळे हा निकाल सगळ्यांनाच सोयीचा होता.

मोक मॅडमनी तुंगला आत बोलावलं.

"सरकारी नियामकाला अहवाल द्यायचाय. सोमवारी सकाळी. आकडा कसा फुटला, कुणी फोडला. तू लिही, सही तुझी."

"मॅडम, पण पुरावा..."

"पुरावा नाही म्हणून लिहिलंस तर ते फंड थांबवतील. पहिल्याच आठवड्यात. मग लामची दोन वर्षं पाण्यात." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "त्याने फोडला नसेल तर मला आनंदच आहे. पण मग कुणी, ते सांग. सोमवारपर्यंत."

गुरुवार होता.

संध्याकाळी रिसेप्शनला एक बाई बसली होती. शाम शुई पोमध्ये काढ्याचं दुकान चालवणारी, हातांना जडीबुटीचा काळा डाग कायमचा. लामची मोठी बहीण, सुमताई. लहानपणी आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला.

"तुम्हीच लिहिणार आहात म्हणे," ती म्हणाली.

तुंगने मान हलवली.

"तो देव होता असं लिहा म्हणत नाही मी. चिडका होता, हट्टी होता, घरी यायचा नाही. पण चोर लिहू नका. शनिवारपासून हुंग होमच्या अंत्यविधीगृहात त्याचे विधी आहेत. चोराच्या विधीला कोण येतं? मी एकटीने त्याच्या नावाने कागद जाळायचे का?"

"ताई, मी अजून काहीच लिहिलेलं नाही."

"मग लिहू नका," ती म्हणाली. "किंवा खरं लिहा."

तुंग जागेवर आला तर कित त्याच्या टेबलावर बसून पेन फिरवत होता.

"भेटली?"

"हं." तुंग खुर्चीत कोसळला. "कित, तुझ्या पाकिटात किती आकडा होता रे?"

लामने आकडा कधीच तोंडाने सांगितला नव्हता. ज्यांना कामासाठी हवाच होता अशा तिघांना, म्हणजे मोक मॅडम, बॉस्को आणि कित यांना, त्याने प्रत्येकी एक शकुनाचं लाल पाकीट दिलं होतं. आत चिठ्ठी. आपसातसुद्धा बोलायचं नाही, अशी ताकीद.

"एकोणचाळीस," कित म्हणाला. "सगळ्यांच्यात तोच नव्हता का?"

३

बॉस्को गिऱ्हाइकांसोबत जेवायला निघाला होता, तुंगने त्याला लिफ्टशी गाठला.

"माझी चौकशी? अरे वा. काल सात ते नऊ मी सेंट्रलला एका हॉटेलात सोळा माणसांसमोर गात होतो. सोळाच्या सोळा जण साक्ष देतील, आणि नुकसानभरपाईही मागतील."

"तुम्ही फोडला का, हे विचारत नाहीये बॉस्कोदादा. पाकिटात किती होतं?"

बॉस्कोचं तोंड एकदम कडू झालं. "ते नको विचारू. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायला लागेल." तरी बोललाच. "पंचेचाळीस! माझ्या पाकिटात पंचेचाळीस होतं. सहा वाजता बघतो तर एकोणचाळीस. मी जाहिरातीचे फलक पंचेचाळीसने छापले असते तर? त्याला जाऊन शिव्या घातल्या. तो म्हणतो, 'सहापर्यंत थांबा म्हटलं होतं ना?' मला वाटलं, शेवटच्या घटकेला बदलला असेल. बदलतात सगळेच. पलीकडच्यांनी तर दुपारी एकोणपन्नासचे फलक छापून तयार ठेवले होते. माझा दोस्त आहे तिकडे, रडत होता. सगळे फाडून छत्तीसचे छापले."

"पाकीट आहे तुमच्याकडे?"

"लाल पाकीट टाकतो का कुणी? हे बघ." पाकिटाच्या आत चिठ्ठी होती, लामच्या तिरक्या अक्षरात. पंचेचाळीस.

तुंग तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मॅडमनी ड्रॉवरमधून आपलं पाकीट काढून दिलं. एकोणचाळीस. नियामकाकडे गेलेल्या कागदावर त्यांची सही होती, त्यामुळे त्यांना खरा आकडा माहीत असणं भागच होतं.

"सहा वाजता लाम तुमच्यासोबत होता?"

"इथेच. पडद्यावर छत्तीस आलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, 'तीन सेंट.' बस. उठून गेला. मला वाटलं, जिव्हारी लागलं त्याच्या."

तीन सेंट. तुंगला ते टोचत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं.

खाली चहाच्या खोलीत फुंगताई बसल्या होत्या. त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. पोमेलोची, म्हणजे पपनसाची पानं.

"घे. तू पण त्या जिन्यात गेला होतास ना पोलिसांबरोबर? घरी गेल्यावर पाण्यात उकळून अंघोळ कर. मेलेल्याची सावली अंगावर ठेवू नये. मी आज रात्री करणार, उद्याही करणार."

"ताई, मी नाही मानत."

"मानत नाही म्हणे! तुझा तो दोस्त बघ, शिकलेला आहे तरी मानतो. त्याच्या अंगाला आज सकाळीच वास येत होता पानांचा. कपाचा ट्रे घेऊन मी त्याच्या शेजारी उभी होते ना, डुकराजवळ. म्हटलं, नवीन घर घेतलं वाटतं, किंवा कुणाच्या मयताला जाऊन आला."

"कधी म्हणालात?"

"आज सकाळी. आठला." फुंगताईंनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "काय झालं रे? चेहरा का उतरला?"

४

कितच्या घरी कुणी वारलं नव्हतं. त्याने घरही घेतलं नव्हतं. शेक किप मेइच्या वसाहतीत तो त्याच जुन्या खोलीत राहतो, हे तुंगला ठाऊक होतं.

पण पानांवरून कुणी कुणाला फाशी देत नाही. आणि कितकडे सात ते नऊचा हिशोब होता. पोलिसांनी तो ऐकून मान डोलावली होती. हिशोब असा. बाजारात उतरण्याआधी कंपनीची स्वतःची बिटकॉइन सांभाळणाऱ्या संस्थेकडे पाठवायची होती. त्यासाठी तीन किल्ल्या. लाम, मोक मॅडम आणि कित, तिघांकडे प्रत्येकी एक छोटं यंत्र. तिघांपैकी दोघांनी बटण दाबल्याशिवाय पैसे हलत नाहीत. कितने सांगितलं होतं: लामदादा सातला किल्ल्यांच्या खोलीत आला, सात एक्केचाळीसला दोघांनी मिळून बटणं दाबली, नंतर तो कुठे गेला माहीत नाही. कित सात पन्नासला खाली इमारतीच्या दारातून बाहेर पडताना कॅमेऱ्यात दिसतो. नऊपर्यंत मेट्रोत आणि वसाहतीतल्या नूडलच्या दुकानात. म्हणजे सात एक्केचाळीसला लाम जिवंत होता.

शुक्रवारी सकाळी तुंगने ब्लॉकचेन उघडली. ब्लॉकचेन म्हणजे चौकातला फळा. कुणी किती पाठवले, कधी पाठवले, सगळं जगासमोर खडूने लिहिलेलं. पुसता येत नाही. वाचायला शिकायला तुंगला दोन वर्षं लागली होती, पण शिकला होता.

सात एक्केचाळीस. चिमूटभर पैसे, चाचणी म्हणून. सही कुठल्या दोन किल्ल्यांची? त्याने ताडून बघितलं. लामची आणि कितची. कित खरं बोलत होता.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. आणि खालची ओळ वाचली.

सात चव्वेचाळीस. उरलेली सगळी रक्कम.

तुंगने दोन्ही वेळा कागदावर उतरवून घेतल्या. मग उठून किल्ल्यांच्या खोलीत गेला. भिंतीवर लामच्या हातचा कागद चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेल्या: *चाचणी. सहा ब्लॉक. मगच बाकी.*

एक ब्लॉक म्हणजे साधारण दहा मिनिटं. सहा म्हणजे तासभर. चाचणीचे पैसे पोचले, आणि त्यावर सहा ब्लॉक रचले गेले की मगच मोठी रक्कम पाठवायची. तरुणपणी घाईत पत्ता चुकून लामने स्वतःची सगळी शिल्लक घालवली होती. तेव्हापासून हा नियम. मोक मॅडमच्या मुलीचं लग्नाचं जेवण होतं तेव्हाही त्याने त्यांना तासभर बसवून ठेवलं होतं. मॅडम रडकुंडीला आलेल्या, हा घड्याळाकडे बघतोय. लोक हसायचे त्याला. तो म्हणायचा, हसा, पण बसा.

तो माणूस तीन मिनिटांत अख्खी रक्कम पाठवेल? ते पण ज्या फंडावर त्याचा जीव होता, त्याची?

बटण लामच्या यंत्राने दाबलं होतं. लामने नाही.

तिन्ही यंत्रं कितनेच बसवली होती, ती उघडायचे गुप्त आकडेही त्यानेच भरले होते, म्हणजे त्याला ठाऊक होते. लामचं यंत्र नंतर तिजोरीत सापडलं, जागच्या जागी. पण लाम ते तिजोरीत कधीच ठेवत नसे. गळ्यात घालायचा, शर्टाच्या आत.

आणि मग ते तीन सेंट त्याच्या डोक्यात उलगडले.

फीच्या लढाईत कुणी एक केससुद्धा फुकट सोडत नाही. समोरच्याचा आकडा एकोणचाळीस कळला तर तुम्ही अडतीस लावता. छत्तीस लावून वर्षानुवर्षं दोन सेंट पाण्यात टाकत नाही. पंचेचाळीस कळला तर चव्वेचाळीस. पलीकडच्यांनी छत्तीस लावले, म्हणजे त्यांना कुणीतरी सदतीस सांगितलं होतं. लामने तीन पाकिटांत तीन वेगळे आकडे घातले होते. बॉस्कोकडे पंचेचाळीस. मॅडमकडे एकोणचाळीस. लामला स्वतःला खरा आकडा माहीत, त्याने फोडला असता तर पलीकडे अडतीस लागले असते.

सदतीसचं पाकीट एकाच माणसाकडे उरत होतं. त्या माणसाने तुंगला सांगितलं होतं, एकोणचाळीस. बाजारात जाहीर झालेला आकडा बघून.

तुंगने फोन उचलला.

"आ-कित. उद्या दुपारी नेहमीच्या ठिकाणी येशील?"

"कसली खबर आहे का?"

"चहा पिऊ," तुंग म्हणाला.

५

शनिवारी तीनला ते चहाचं दुकान भरलेलं होतं. त्यांच्या टेबलावर एक म्हातारबुवाही बसवले होते, मॅकरोनीच्या सूपमध्ये तोंड घालून. कितने दुधाचा चहा मागवला, तुंगने काहीच नाही.

"सुमताईकडे विधीला जाणार?" कितने विचारलं.

"तू?"

"बघतो."

"तुझं पाकीट कुठंय?"

कित चमचा ढवळत राहिला. "हरवलं."

"सदतीस होतं त्यात."

म्हातारबुवांनी मान वर केली, दोघांकडे बघितलं आणि परत सुपात घातली.

"मूर्खासारखं बोलू नकोस," कित हळू म्हणाला.

"सात एक्केचाळीस आणि सात चव्वेचाळीस. तीन मिनिटं, कित. लामदादाने तीन मिनिटांत केलं असं जगातल्या कुणालाही सांग. मला नको सांगू. मी त्या खोलीत त्याच्यासोबत तास तास बसलोय."

"घाई होती त्याला."

"त्याला? की तुला सात पन्नासला कॅमेऱ्यात दिसायचं होतं?"

कितने चमचा बशीत ठेवला.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, कुणालाच काही माहीत नसताना, तुझ्या अंगाला पोमेलोच्या पानांचा वास येत होता. सुरीला हात लावला नाहीस. मांस खाल्लं नाहीस. मला वाटलं पोट बिघडलं असेल. गाढव मी."

म्हातारबुवांनी सूप अर्धं टाकलं, पैसे ठेवले आणि उठले. जाता जाता म्हणाले, "पोरांनो, भांडण बाहेर जाऊन करा. इथे लोक जेवतायत." त्यांची खुर्ची रिकामी झाली. कुणी येऊन बसलं नाही.

कितच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेच तुंगला जास्त भयंकर वाटलं.

"सुरीला हात मुद्दामच लावला नाही मी," कित म्हणाला. "पोर होती ती त्याची, तो फंड म्हणजे. मेलेल्याला शिवलेला हात लागला असता तर तिचं काही धड झालं नसतं. एवढं तरी वाचवावं म्हटलं."

"फोडलास कशाला?"

"पुढच्या वर्षी किती फंड उरतील असं वाटतं तुला? आज इतके. पुढच्या वर्षी दोन. नंतर एक. जो सगळ्यात स्वस्त तो उरणार, बाकीच्यांची माणसं रस्त्यावर. पलीकडच्यांनी मला त्यांच्या किल्ल्यांचा प्रमुख करायचं कबूल केलं. उरणाऱ्याकडे असावं एवढंच वाटलं रे. तू पण हाच विचार करतोस रोज, फक्त बोलत नाहीस."

"करतो," तुंग म्हणाला. "पुढे बोल."

"सहाला आकडा बघितला आणि कळलं, फसवलं लामदादाने. सातला मला जिन्यात घेऊन गेला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'उद्या घंटा वाजू दे. दुपारी तू स्वतः मॅडमना जाऊन सांग. मी शेजारी उभा राहीन.' शेजारी उभा राहीन म्हणाला, तुंग! आणि वळला आत जायला. मी दंड धरला. म्हटलं, दादा, नको ना, मिटवा. त्याने हात सोडवला. आणि मी..." त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "घसरला असं लिहू नकोस. धक्का मी दिला."

दुकानातला पंखा करकरत होता. मालकाने ओरडून कुणाचा तरी अंडा-ब्रेड पुकारला.

"त्याच्या गळ्यातलं यंत्र घेतलंस," तुंग म्हणाला.

"घ्यावं लागलं. पैसे पोचले नसते तर सकाळी फंड उतरलाच नसता. त्याला शोधायला लागले असते लगेच."

"म्हणजे खाली उतरून त्याच्याजवळ गेलास."

"हो."

"कित." तुंगला विचारायचं नव्हतं. विचारलं. "तेव्हा तो..."

कितने चहाचा कप पुढे ओढला. वर साय धरली होती.

"श्वास चालू होता," तो म्हणाला. "दोरी मानेखालून काढताना त्याने डोळे उघडले. मला बघितलं. मी यंत्र घेऊन वर गेलो. बटणं दाबली. परत जिन्यात गेलो नाही. आठपर्यंत कुणी गेलं असतं तर कदाचित..."

तो थांबला. तुंगने तोंडावर हात ठेवला होता.

"तू कुठे चाललायस ते मला माहितीय," कित म्हणाला. "मी येतो. पोलिसांना मीच सांगतो सगळं. तू अहवालात लिही, आकडा मी फोडला, धक्का मी दिला. लामदादा चोर नव्हता. हे सुमताईला आजच सांग. विधीला माणसं येतील. पण ते डोळ्यांचं नको सांगू. एवढं एक. तिला वाटू दे, लगेच गेला. कुणाला काय फरक पडतो? तिचं भलंच होईल त्यात."

तुंगला ते पटावंसं वाटलं. मनापासून वाटलं. सुमताईचे काळे डाग पडलेले हात त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्या हातांत कागदाची जळती घडी. तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, खरं, आणि ती सोपी होती असं तिलाही वाटलं नव्हतं.

तो उठला. कितच्या चहाचे पैसेही त्यानेच दिले. दारात आल्यावर उन्हात थांबला. कित मागे होता, खांदे पडलेले, शाळेत मार खाऊन यायचा तसा.

"सांगणार," तुंग म्हणाला.

"तुंग..."

"ऐक. पोलिसांकडून तिला कळणार नाही, कोर्टात उभी असताना कळणार नाही, पेपरात वाचायला लागणार नाही. तुला पोलिसांकडे सोडून मी थेट हुंग होमला जाणार, तिच्यासमोर बसणार आणि सगळं माझ्या तोंडाने सांगणार. डोळ्यांसकट. ती मला मारेल, शिव्या देईल, हाकलून देईल, तरी तिचं ऐकून होईपर्यंत उठणार नाही. हा शब्द देतो तुला."